विश्लेषण : महासत्तांच्या रस्सीखेचीत अंबरनाथचे पितळ कोणाच्या बाजूचे?

उल्हासनगरच्या बाजारात ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगण्याचा विनोद दोन-तीन पिढ्यांना पुरला आहे. खऱ्या यूएसएने मात्र २०२५च्या ऑगस्टमध्ये विनोद केला नाही. रशियाकडून तेल घेतल्याचा दंड म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले आणि २७ ऑगस्टपासून ते एकूण ५० टक्क्यांवर गेले. त्याच आठवड्याच्या शेवटी पंतप्रधान नरेंद्र मोदी चीनमधील तियानजिन येथे शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला गेले. ३१ ऑक्टोबरला क्वालालंपूरमध्ये अमेरिकेबरोबर दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्याच्या आराखड्यावर सह्या झाल्या. ४ आणि ५ डिसेंबरला रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन दिल्लीत होते. चार महिन्यांत तिन्ही महासत्तांशी बोलणी झाली. सरकारी भाषेत याला धोरणात्मक स्वायत्तता म्हणतात.

ही स्वायत्तता किती खरी आणि किती भाषणापुरती, याचा अंदाज घ्यायचा तर कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारी लोकल पकडावी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या चार स्थानकांच्या आजूबाजूला दुसऱ्या महायुद्धाची लष्करी छावणी, शेतकऱ्यांच्या जमिनीवरची जुनी धावपट्टी, दोन सरकारी शस्त्रनिर्मिती कारखाने आणि नौदलासाठी काम करणारी एक प्रयोगशाळा आहे. रोज या मार्गाने जाणाऱ्यांपैकी अनेकांना कारखान्याची कुंपणाची भिंत तेवढी ठाऊक असते.

भारत ‘छोटा’ देश कसा?

लोकसंख्येने अर्थातच नाही. पण महासत्तांच्या चढाओढीत मोजमाप ताकदीचे असते. स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये अमेरिकेचा लष्करी खर्च सुमारे ९९७ अब्ज डॉलर होता, चीनचा अंदाजे ३१४ अब्ज, तर भारताचा सुमारे ८६ अब्ज. भारत पहिल्या पाच देशांत असला तरी पहिल्या दोघांच्या तुलनेत हलकाच. १९५०च्या दशकात तर ही दरी याहून मोठी होती. तेव्हा धान्यही बाहेरून येत होते.

अशा देशापुढे मार्ग तीनच असतात. एका महासत्तेच्या छत्राखाली जायचे, दोघींनाही थोडे थोडे खूश ठेवायचे, किंवा दोघींपैकी कोणीही हात आखडता घेतला तरी काही महिने तग धरता येईल इतके घरात तयार करायचे. भारताने कागदावर तिसरा मार्ग निवडला आणि व्यवहारात बहुतेक वेळा दुसरा चोखाळला. अंबरनाथचे कारखाने हे त्या तिसऱ्या मार्गाचे अपत्य.

छावणीचे शहर, धावपट्टीचे शेत

आजचे उल्हासनगर म्हणजे ब्रिटिशांचा ‘कल्याण कॅम्प’. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना पुढच्या आघाडीवर पाठवण्यापूर्वी ठेवण्यासाठी येथे बराकी उभ्या राहिल्या. युद्ध संपले, फाळणी झाली आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव बदलले, तरी रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगावे लागते.

त्याच युद्धासाठी कल्याण-अंबरनाथच्या मध्ये नेवाळी आणि आसपासच्या गावांच्या शेतजमिनी घेऊन ब्रिटिशांनी विमानांची धावपट्टी बांधली. युद्धापुरत्या घेतलेल्या जमिनी युद्धानंतर परत मिळायला हव्या होत्या, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. या जमिनी संरक्षण खात्याच्या मालकीच्या आहेत, असे सरकारचे म्हणणे. दुसऱ्यांच्या युद्धातून सुरू झालेला हा वाद स्वतंत्र भारतात मिटला नाही, उलट २२ जून २०१७ रोजी नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून भडकला. रस्ते अडवले गेले, पोलिसांची वाहने जळाली, आंदोलक आणि पोलीस दोन्हीकडचे लोक जखमी झाले. परराष्ट्र धोरणावरच्या लेखांत नेवाळीचे नाव सहसा येत नाही. पण महासत्तांच्या लढाईत लहान माणसाचे काय जाते, याचे इतके जवळचे उदाहरण ठाणे जिल्ह्यात दुसरे नाही.

अलिप्ततेला कारखाना कशाला हवा होता?

अंबरनाथचे दोन्ही कारखाने १९५३चे. पहिला आयुध निर्माणी, म्हणजे स्थानिकांच्या तोंडी ‘ऑर्डनन्स’. तिथले मुख्य काम तांबे, पितळ, ॲल्युमिनियम अशा अलोह धातूंचे आणि त्यापासून काडतुसे व दारूगोळ्याचे भाग करण्याचे. दुसरा ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’. एखादे शस्त्र किंवा यंत्र मोठ्या संख्येने करण्यापूर्वी त्याचा पहिला नमुना घडवणे, त्यासाठी लागणारी हत्यारे बनवणे आणि कुशल कारागीर तयार करणे, ही त्यामागची कल्पना.

या दोन कामांत एक साधा हिशेब आहे. रायफल एकदा विकत घेतली की वीस वर्षे टिकते, गोळी मात्र एकदाच उडते. म्हणून शस्त्र देणाऱ्यापेक्षा गोळी देणाऱ्याचा हात वरचा असतो. आणि नमुना ज्याला घडवता येत नाही, त्याला दुसऱ्याचे शस्त्र दुरुस्त करण्यासाठीही दुसऱ्याच्याच दारात उभे राहावे लागते.

हे शहाणपण काही १९५३ मध्ये प्रथम सुचले नव्हते. अंबरनाथपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी गलबते बांधायला घेतली, ती १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर. जहाजबांधणीचे आधुनिक कसब पोर्तुगीजांकडे होते, म्हणून रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीजाला आणि त्याच्या माणसांना कामावर ठेवले गेले. ही जहाजे उद्या आपल्याच अंगावर येतील, हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लक्षात आले आणि त्या माणसांना काम सोडून निघून जाण्यास भाग पाडले गेले. पुढचे आरमार इथल्याच सुतार-लोहारांनी बांधले. मुघल, आदिलशाही, सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज अशा पाच सत्तांमध्ये उभ्या राहिलेल्या राज्याचा हा अनुभव. परका कारागीर त्याच्या सरकारने बोलावले की जातो. तो असेपर्यंत शेजारी उभ्या असलेल्याने किती शिकून घेतले, एवढेच मागे राहते.

नेहरूंच्या काळातली अलिप्तता म्हणजे कोणाशीच देणेघेणे नाही असे नव्हे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय लष्कर गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगाल ‘नाटो’चा सदस्य होता आणि अमेरिका, ब्रिटन व फ्रान्सने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव पुढे रेटला. तो पडला सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे. गोव्याच्या मुक्तीमागे सत्याग्रहींचे बलिदान आणि लष्कराची कारवाई जितकी आहे, तितकेच न्यूयॉर्कमधले ते एक मतही आहे. मात्र असे मत फुकट मिळत नाही. त्याची वसुली कधी ना कधी होते.

१९६२ने काय उघडे पाडले?

गोव्याच्या यशानंतर दहा महिन्यांत चीनने हल्ला केला. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन हे उत्तर मुंबईचे खासदार होते आणि त्याच वर्षी आचार्य कृपलानींना हरवून पुन्हा निवडून आले होते. देशी शस्त्रनिर्मितीचा त्यांचा आग्रह खरा होता. पण आयुध कारखाने कॉफीची यंत्रे बनवतात, अशी टीकाही त्यांच्याच काळात होत असे. सीमेवरच्या जवानांच्या हातात प्रत्येक गोळीनंतर खटका ओढाव्या लागणाऱ्या .३०३ रायफली होत्या. समोर स्वयंचलित शस्त्रे होती. नोव्हेंबरमध्ये नेहरूंना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या मागाव्या लागल्या. अलिप्ततेच्या शिल्पकारावर ही वेळ यावी, हे त्या काळच्या संसदेला पचले नाही.

मेनन गेले आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी माणसाला पाठ आहे. चव्हाणांनी दिल्लीत प्रत्यक्षात काय केले, याची चर्चा त्यामानाने कमी होते. मे १९६४ मध्ये ते शस्त्रे आणि दारूगोळा उत्पादनासाठी मदत मागायला वॉशिंग्टनमध्ये होते. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना तिथेच कळली. अमेरिकेने काही कर्ज आणि साहाय्य देऊ केले, पण भारताला हवी असलेली एफ-१०४ विमाने दिली नाहीत. तीच विमाने पाकिस्तानकडे आधीपासून होती. चव्हाण ऑगस्टअखेर मॉस्कोला गेले. मिग-२१ विमाने देण्याचा आणि ती भारतात बनवू देण्याचा करार १९६२ मध्येच झाला होता, त्याला या भेटीनंतर वेग आला. विमानाचा सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. ओझरच्या आजूबाजूच्या गावांतून एचएएलमध्ये लागलेल्या हजारो कुटुंबांचा संसार या नकार-होकारावर उभा आहे.

पुढच्याच वर्षी या सगळ्याची परीक्षा झाली. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. गव्हाचेही तसेच. अमेरिकी गहू येत होता, पण अध्यक्ष जॉन्सन यांनी पुरवठ्याचा दोर मुद्दाम आखूड ठेवला होता. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो खाल्लेली पिढी महाराष्ट्रात अजून हयात आहे. परदेशी धान्यावर जगणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही.

इकडे १९६२नंतर महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा. काडतुसे, दारू, तोफगोळे यांची साखळी जळगावपासून विदर्भापर्यंत पसरली आणि अंबरनाथ त्या साखळीतला धातूचा दुवा ठरले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे ‘एंटरप्राइझ’ जहाज बंगालच्या उपसागरात आले, तेव्हा ९ ऑगस्टला झालेला भारत-सोव्हिएत करार कामी आला. पण ढाक्याकडे निघालेल्या जवानाच्या पट्ट्यातली काडतुसे देशातच बनलेली असणे, हेही त्याच तराजूतले वजन होते. करारावर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. काडतुसांच्या वाट्याला सरकारी वार्षिक अहवालातल्या ओळी आल्या.

पितळ आपले, तांबे कोणाचे?

आता आजच्या काळाकडे. गोळी देशी झाली म्हणजे परावलंबन संपले का? ते एक पायरी खाली सरकते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तमिळनाडूतील तुतिकोरिनचा मोठा तांबे प्रकल्प २०१८ मध्ये बंद झाल्यापासून भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात तिथे पोलीस गोळीबारात १३ जणांचा बळी गेला होता, त्यामुळे तो प्रकल्प का बंद झाला हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. तरीही परिणाम उरतोच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा भारतातील मोटार कंपन्यांनाही धावपळ करावी लागली. क्षेपणास्त्रांत, रडारमध्ये हेच धातू लागतात.

शस्त्रांच्या खरेदीत भारताने एक गोष्ट मात्र ठळकपणे बदलली आहे. ‘सिप्री’नुसार २०१०-१४ मध्ये भारताच्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०२०-२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. फ्रान्स ३३ टक्के आणि इस्रायल १३ टक्के. म्हणजे एका दुकानदाराची उधारी तीन दुकानांत विभागली गेली. यात शहाणपणा आहे, पण ते दुकान बदलण्याचे. घरी स्वयंपाक करणे वेगळे.

ओझरचेच पाहा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमाने हवाई दलातून निवृत्त झाली. १७ ऑक्टोबरला ओझरच्या धावपट्टीवरून तेथे तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ने उड्डाण केले. दोन घटनांत जेमतेम तीन आठवडे. विमान देशी, पण त्याचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला, पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. या दोन वर्षांच्या उशिराला राजकारण कारणीभूत नव्हते, पुरवठा साखळीची अडचण सांगितली गेली. तरीही विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे राहिले. राजकारण आडवे आल्यावर काय होते, याचा अनुभवही याच विमानाला आहे. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेत तेजसच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीवर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत पाठवण्यात आले होते. ती प्रणाली मग इथेच पूर्ण करावी लागली.

गोळा विकला की तटस्थता कुठे जाते?

आतापर्यंत प्रश्न विकत घेण्याचा होता. आता विकण्याचाही आहे. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. युक्रेन युद्धामुळे युरोपात तोफगोळ्यांचा तुटवडा पडला आणि भारतीय कारखान्यांना गिऱ्हाईक मिळाले. इथेच गुंता झाला.

मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाचा निषेध करणाऱ्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘रॉयटर्स’ने वृत्त दिले, की युरोपीय ग्राहकांना विकलेला भारतीय दारूगोळा पुढे युक्रेनला पोहोचला, मॉस्कोने त्याबद्दल नाराजी कळवली आणि तरीही दिल्लीने व्यापार थांबवला नाही. वृत्तात उल्लेख असलेल्या भारतीय उत्पादकांत सरकारी ‘यंत्र इंडिया’चे नाव होते. परराष्ट्र मंत्रालयाने हे वृत्त तर्कावर आधारलेले आणि दिशाभूल करणारे असल्याचे सांगून फेटाळले, आणि निर्यातीचे सर्व आंतरराष्ट्रीय नियम पाळले जातात असे स्पष्ट केले.

‘यंत्र इंडिया’ म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली, आठ आयुध कारखान्यांची कंपनी. अंबरनाथचा कारखाना त्यापैकी एक. वृत्तातले तोफगोळे पोलादाचे आणि अंबरनाथचे मुख्य काम अलोह धातूंचे, त्यामुळे या प्रकरणाशी इथल्या शॉपफ्लोअरचा थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. कंपनी मात्र तीच, आणि प्रश्नही सगळ्यांना लागू. शस्त्र निर्यातीत ‘अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र’ घेतले जाते. माल कोण वापरणार आणि तो पुढे विकणार नाही, याची लेखी हमी असते. ती मोडली गेली तर विक्रेता काय करतो, यावरून तो खरोखर तटस्थ आहे की नाही हे कळते.

स्वित्झर्लंडने अशा वेळी नियमावर बोट ठेवले. जर्मनीला युक्रेनला दिलेल्या ‘गेपार्ड’ विमानवेधी रणगाड्यांसाठी स्विस बनावटीची काडतुसे पुढे पाठवायची होती. स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये परवानगी नाकारली. तटस्थता अबाधित राहिली. जर्मनीने मग ती काडतुसे आपल्याच देशात बनवायला घेतली आणि स्विस माल पुन्हा घ्यावा का, याचा युरोपात सगळेच विचार करू लागले. म्हणजे नियम पाळला तर बाजार जातो, डोळेझाक केली तर जुना मित्र रागावतो. भारताने नेमके काय केले हे जाहीरपणे कधी सांगितले गेले नाही. मोघम बोलण्याने राजदूतांचे काम सोपे होते, पण संसदेत यावर सविस्तर उत्तर मागायला हरकत नव्हती.

पाणबुडीचा श्वास आणि अंबरनाथ

या पट्ट्यातले सर्वांत आशादायक काम आनंदनगर भागातल्या ‘नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी’त, म्हणजे डीआरडीओच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत झाले आहे. डिझेल पाणबुडीचे मोठे दुखणे म्हणजे तिला श्वास लागतो. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ येऊन, हवा घेऊन डिझेल इंजिन चालवावे लागते आणि नेमकी त्याच वेळी ती शत्रूच्या विमानाला किंवा रडारला सापडते. हवेशिवाय वीज बनवणारी यंत्रणा, इंग्रजी आद्याक्षरांत ‘एआयपी’, असली तर हे वर येणे दोन-दोन आठवडे टाळता येते.

अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी यासाठी फॉस्फोरिक आम्लावर चालणारा इंधन घट विकसित केला. त्याची खुबी अशी, की हायड्रोजन टाक्यांत भरून न्यावा लागत नाही, पाणबुडीतच तयार होतो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या पूर्ण आकाराच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. ही यंत्रणा बसवलेला पाणबुडीचा एक संपूर्ण तुकडा बनवायचा, पाणबुडी मधून कापायची आणि तो तुकडा मध्ये जोडायचा, असे हे काम.

पाणबुड्या ‘कलवरी’ वर्गाच्या, म्हणजे मूळ आराखडा फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपचा. त्यामुळे त्यांचे सहकार्य घ्यावे लागतेच. पण इंधन घट आपला असल्याने बोलणी वेगळ्या पातळीवर होतात. पाकिस्तानच्या तीन ऑगस्टा पाणबुड्यांत फ्रेंच बनावटीची अशी यंत्रणा आधीपासून आहे आणि चीनकडून येणाऱ्या आठ हंगोर वर्गाच्या पाणबुड्यांतही ती असेल. भारताची मात्र अजून समुद्रात उतरायची आहे. चाचणी ते करार यात पावणेचार वर्षे गेली. प्रयोगशाळेत जिंकलेला वेळ फाइलींत कसा हरवतो, याचे हे उदाहरण. अंबरनाथला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

बाकीचे छोटे देश कसे निभावतात?

व्हिएतनामचे धोरण ‘चार नकारां’चे. लष्करी युती नाही, एका देशाच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध नाही, परदेशी तळ नाहीत, बळाचा वापर किंवा धमकी नाही. त्या बळावर सप्टेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात हनोईने बायडेन, शी जिनपिंग आणि पुतिन तिघांचेही स्वागत केले. तिथे याला बांबूची उपमा देतात. फिनलंडने शीतयुद्धात मॉस्कोला न दुखावता आपली सक्तीची सैनिकी सेवा आणि तोफखाना मजबूत ठेवला, आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये ‘नाटो’त प्रवेश केला. दोन्ही देशांना शेजारी महासत्ता आहे आणि दोन्ही देशांनी तिच्याशी युद्ध लढलेले आहे. भारताची स्थिती यापैकी व्हिएतनामच्या अधिक जवळची. फरक एवढा, की व्हिएतनामला आपल्या मर्यादा मान्य करायला लाज वाटत नाही.

एक गाव, दोन मालक

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथचे दोन शेजारी तेव्हा वेगळे झाले. आयुध निर्माणी नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडी येथील ‘आर्मर्ड व्हेईकल्स निगम’कडे. आवडीला रशियन आराखड्याचे टी-७२ रणगाडे होत असत, आता टी-९० होतात. ज्या कारखान्याचे मूळ काम स्वतःचे नमुने घडवण्याचे होते, तो आता दुसऱ्याच्या आराखड्यावर चालणाऱ्या कंपनीचा भाग आहे.

कंपनीकरणाला कर्मचारी संघटनांनी विरोध केला होता. जुलै २०२१ मध्ये बेमुदत संपाची हाक दिली गेली, त्याआधीच केंद्राने अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश काढून संपावर बंदी आणली. सरकारचा युक्तिवाद असा, की मंडळाच्या काळात खर्च, दर्जा आणि वेळ यांचा हिशेबच लागत नव्हता. तो पूर्ण चूक नव्हता, दारूगोळ्याच्या दर्जाबद्दल महालेखापालांचे ताशेरे जुने आहेत. नव्या कंपन्यांना सुरुवातीला ६५ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या मागण्या देण्यात आल्या. त्यानंतर मात्र खासगी कंपन्यांशी स्पर्धा करायची आहे आणि गोळ्यांची मागणी युद्ध असताना वाढते, शांततेत घटते. खासगी कंपनी शांततेच्या काळात यंत्रे विकून टाकू शकते. सरकारने तो रिकामा काळ पोसायचा की नाही, हे कंपनीकरण करताना ठरले नाही.

कामगारांना केंद्र सरकारी कर्मचारी म्हणूनच नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर ठेवले आहे. सुरुवातीला दोन वर्षांसाठी असलेली ही व्यवस्था मुदतवाढीवर सुरू आहे. पितळेची भट्टी सांभाळणारा, धातूचा रंग पाहून तापमान ओळखणारा माणूस तीस वर्षांत तयार होतो. बदलापूरहून पहिल्या पाळीला येणाऱ्या अशा माणसाला आपण तीन वर्षांनी कोणाचे नोकर असू, हे ठाऊक नाही. आणि नेवाळीत धावपट्टीच्या कडेला भाताची रोपे लावणाऱ्यांच्या सातबाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही.